संध्याकाळचा टाइमलॅप्स लुकलुकतो? ऑटो एक्स्पोजर बंद करू नका, त्याला आवरा

"मध्ये मध्ये लाईट जात होती का रे?"

मी काढलेला पहिला संध्याकाळचा टाइमलॅप्स पाहून बाबांनी हा प्रश्न विचारला. लाईट कुठेच गेली नव्हती. व्हिडिओच लुकलुकत होता. आकाश उजळायचं, पुढच्या क्षणी मळकट व्हायचं, परत उजळायचं. आणि शेवटी रात्र झाली तेव्हा ती रात्र वाटतच नव्हती. ढगाळ दुपारी सगळ्यांनी उगाच घरातले दिवे लावून ठेवलेत, असं काहीतरी दिसत होतं.

तुम्ही कधी फोन कठड्याला टेकवून सूर्यास्ताचा टाइमलॅप्स काढला असेल, तर हा प्रकार तुमच्याही ओळखीचा असेल. यावर यूट्यूबवर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: ऑटो बंद करा, मॅन्युअलवर जा. मीही ते करून पाहिलं, त्यातून काय झालं ते पुढे सांगतोच. पण चार संध्याकाळी घालवल्यावर माझं मत बरोबर उलटं झालंय. फोनवर दिवसाकडून रात्रीकडे जायचं असेल तर ऑटो एक्स्पोजर वापरावंच. फक्त त्याला काय करू द्यायचं आणि काय नाही, हे आधी ठरवावं लागतं.

दोन स्लॅबची मुदत

आधी मला घाई कसली होती ते सांगतो. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, जुनी चार मजली सोसायटी. गच्चीवरून नैऋत्येला सिंहगड दिसतो आणि त्यावरचा टीव्हीचा मनोरा. अंधार पडायला लागला की मनोऱ्यावरचे लाल दिवे दिसू लागतात. बाबा रिटायर झाल्यापासून संध्याकाळचा चहा गच्चीवरच घेतात आणि दिवा दिसला की "लागला बघ" एवढं बोलून खाली येतात. पावसाळा सोडला तर रोज.

समोर साधारण शंभर मीटरवर जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहतोय. त्याचा स्लॅब आमच्या गच्चीच्या उंचीला आला त्या दिवशी मी कागदावर गणित केलं. गड आमच्यापासून सरळ रेषेत १४ किलोमीटरच्या आसपास, आणि आमच्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच. म्हणजे तो क्षितिजापासून जेमतेम ३ अंश वर दिसतो. शंभर मीटरवर ३ अंश झाकायला किती उंची लागते? सव्वापाच मीटर. दोन मजले. म्हणजे अजून दोन स्लॅब पडले की गड आणि दिवा दोन्ही गेले. एक स्लॅब पंधरा-वीस दिवसांत होत होता, सेंट्रिंगचं काम आम्हाला रोज दिसतच होतं.

बाबांनी कधी काही मागितलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये हे सगळं येतं का रे? म्हणजे ऊन असल्यापासून दिवा लागेपर्यंत?" मी म्हटलं, येतं की. त्यात काय.

त्यात बरंच काही होतं.

प्रकाश नक्की किती कमी होतो?

आपले डोळे फार फसवे असतात. संध्याकाळ आपल्याला हळूहळू उतरल्यासारखी वाटते कारण डोळे सतत जुळवून घेतात. मोजमाप वेगळंच सांगतं. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाला टेकला की तो साधारण ४०० लक्सवर येतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की ३-४ लक्स. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे पाव लक्सच्या आसपास.

फोटोग्राफीत हा फरक 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ४०० वरून ३-४ लक्सवर येणं म्हणजे जवळपास ७ स्टॉप. आणि महाराष्ट्रात या ७ स्टॉपना किती वेळ लागतो? जेमतेम २२-२४ मिनिटं, कारण आपल्याकडे सूर्य बऱ्यापैकी उभा खाली उतरतो. लंडनमध्ये उन्हाळ्यात हाच काळ पाऊण तासावर जातो. त्यामुळे युरोपातल्या कुणी "दर अमुक मिनिटांनी सेटिंग बदला" असं सांगितलं असेल तर ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे सूर्यास्तानंतर दर तीन मिनिटांना एक स्टॉप जातो.

आता हे फोनच्या भाषेत. बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर ठरलेलं असतं, समजा एफ १.८. (सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ९ मध्ये ते बदलायचं, पण असे फोन थोडेच.) आयएसओ १०० धरला तर दुपारच्या उन्हात शटर सुमारे १/१०००० सेकंद लागतं. दिवे लागलेल्या शहराचं रात्रीचं दृश्य त्याच आयएसओवर नीट यायला सुमारे ०.४ सेकंद. म्हणजे चार हजार पट फरक, १२ स्टॉप. एका सेटिंगवर हे सगळं मावणं शक्यच नाही.

माझा दुसरा प्रयत्न याच खड्ड्यात पडला. लुकलुकणं टाळायचं म्हणून स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक केलं. सूर्यास्तापर्यंत व्हिडिओ झकास, एकही उडी नाही. त्यानंतर दहा-बारा मिनिटांत सगळं काळं. उरलेला पाऊण तास मी काळोखाचं चित्रीकरण केलं.

मग ऑटो लुकलुकतं का?

ऑटो एक्स्पोजर म्हणजे एक साधं फीडबॅकचं चक्र आहे. फोन फ्रेमचा उजेड मोजतो, तो ठरलेल्या मध्यम करड्याशी ताडून बघतो आणि फरक असेल तर शटर किंवा आयएसओ बदलतो. आपल्याला चांगला फोटो हवाय, गड महत्त्वाचा आहे, आत्ता रात्र झालीय, यातलं त्याला काही कळत नाही. त्याला करडा हवा असतो. म्हणून तो रात्रही खेचून खेचून करडी करतो. माझी 'ढगाळ दुपार' तिथून आली.

आणि उड्या? तुमच्या इस्त्रीवरचा लाल दिवा आठवा. इस्त्री ठरलेल्या तापमानाच्या थोडी खाली गेली की दिवा लागतो, थोडी वर गेली की विझतो. मधल्या पट्ट्यात ती काहीच करत नाही. ऑटो एक्स्पोजरचंही तसंच. फरक थोडा असेल तोवर ते गप्प बसतं, फरक वाढला की एकदम पाऊल टाकतं. मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये हे पाऊल साधारणपणे १/३ स्टॉपचं असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये उजेड २६ टक्क्यांनी बदलतो. फोनमध्ये पावलं बारीक असतात, पण ती मागेपुढे पडत राहतात. एरवी हे जाणवत नाही. टाइमलॅप्समध्ये दीड तास ३६ सेकंदांत दाबलेला असतो, त्यामुळे प्रत्येक पाऊल डोळ्यात खुपतं.

त्यात बाहेरची मंडळी भर घालतात. समोरच्यांनी गॅलरीतली ट्यूब लावली, खालून रिक्षाचा हेडलाइट फिरला, की फोन दचकतो. आमच्याकडे तर कठड्यावर कावळा येऊन बसला. फोनला वाटलं अंधार झाला, त्यानं सगळं आकाश उजळवलं, कावळा उडाला, परत सगळं खाली.

अजून एक लुकलुक वेगळी असते, तिचा ऑटोशी संबंध नाही. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० पेक्षा फार लहान असेल तर एखादी खिडकी एका फ्रेममध्ये उजळ आणि पुढच्या फ्रेममध्ये मंद येते. सगळं चित्र हललं तर दोष एक्स्पोजरचा. एकटी खिडकीच हलली तर दिव्याचा, तो सोडून द्या.

खरी युक्ती: चुकीची नोंद

दुसऱ्या प्रयत्नानंतर मी वैतागून पहिल्या दिवशी काढलेले सुटे फोटो चाळत बसलो होतो. टाइमलॅप्स चालू करण्याआधी चाचणी म्हणून पाच-सहा साधे फोटो काढले होते. सहज त्यातल्या एकाची माहिती उघडली. शटर १/१२५०, आयएसओ ५०. पुढचा, १/१०००, आयएसओ ५०. आणि डोक्यात प्रकाश पडला. (सॉफ्टवेअरवाल्याला हे इतकं उशिरा सुचावं, याचं वाईट वाटतं.)

प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये 'एक्झिफ' नावाची माहिती असते. त्यात त्या फ्रेमला शटर किती होतं, आयएसओ किती होता, हे लिहिलेलं असतं. म्हणजे ऑटो एक्स्पोजरनं पाऊल कधी टाकलं आणि केवढं टाकलं, हे फाईलमध्येच नोंदलेलं आहे. आणि जे नेमकं किती झालं ते माहीत आहे, ते नंतर तितकंच उलटं करता येतं. कॅमेऱ्याला ढोबळ काम करू द्यायचं, त्याच्या उड्या आपण घरी बसून गुळगुळीत करायच्या.

यातून एकच नियम निघतो आणि बाकी सगळ्या सेटिंग त्याच्यातूनच येतात: ज्या बदलाची नोंद राहते तो ऑटोवर ठेवा, ज्याची नोंद राहत नाही तो बंद करा.

पहिला बळी म्हणजे फोनचा स्वतःचा टाइमलॅप्स मोड. तो एकत्र व्हिडिओ देतो. त्यात फ्रेमगणिक शटर-आयएसओची नोंद आपल्या हाती येत नाही, म्हणजे दुरुस्तीचा रस्ताच बंद. शिवाय बऱ्याच फोनमध्ये हा मोड व्हिडिओसारखा चालतो आणि शटर १/३० सेकंदापेक्षा लांब जाऊ देत नाही. वरचंच उदाहरण घ्या: ०.४ सेकंदाऐवजी १/३० वापरायचं तर आयएसओ बारा पट हवा, १०० चा १२००. फोनच्या छोट्या सेन्सरवर म्हणजे मुंग्याच मुंग्या. आयफोनमध्ये आणखी एक गंमत आहे. रेकॉर्डिंग जसं लांबतं तसं तो फ्रेममधलं अंतर आपोआप वाढवतो, म्हणजे व्हिडिओ फार मोठा होत नाही. सोयीचं आहे, पण वेग तुमच्या हातात राहत नाही. नव्या आयफोनमध्ये ट्रायपॉडवर नाइट मोड टाइमलॅप्स आहे, पिक्सेलमध्ये ताऱ्यांसाठीचा टाइमलॅप्स आहे. दोन्ही छान आहेत, पण ते रात्रीसाठी. संध्याकाळच्या उतारासाठी नाहीत.

त्याऐवजी दर काही सेकंदांना एक साधा फोटो काढणारं अ‍ॅप घ्या. मी अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' वापरलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्यात ठरावीक अंतरानं फोटो घेत राहण्याची सोय आहे.

आता नियम लावत जाऊ. शटर आणि आयएसओ ऑटो, कारण त्यांची नोंद राहते. व्हाइट बॅलन्स मात्र पक्का करा, 'डेलाइट' किंवा ५५०० केल्विन. जेपीईजीमध्ये ऑटो व्हाइट बॅलन्सनं रंग किती फिरवले ते नंतर नीट उलगडत नाही. आणि डेलाइटवर ठेवलं की सूर्यास्तानंतरचं आकाश निळं आणि रस्त्यावरचे दिवे पिवळे दिसतात, जे खरंच तसे असतात. ऑटोवर ठेवलं तर फोन ते पिवळेपण "सुधारायला" जातो आणि आकाश जांभळं पडतं. एचडीआर बंद, नाइट मोड बंद, तो 'एआय सीन' वगैरे जे काही असेल ते बंद. ही सगळी मंडळी प्रत्येक फ्रेममध्ये सावल्या आणि उजेड आपल्या मर्जीनं फिरवतात आणि कुठेही लिहून ठेवत नाहीत. फोकस लांबच्या वस्तूवर लॉक, कारण अंधारात फोन फोकस शोधत बसतो आणि तेवढ्यात फ्रेम किंचित श्वास घेतल्यासारखी हलते. काही फोन अंधारात आपोआप दुसऱ्या लेन्सवर जातात, तेही थांबवा. थेट १ एक्स निवडा आणि झूमला हात लावू नका.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन सुरुवातीपासून -१. याची दोन कारणं. सूर्याभोवतीचा भाग एकदा पांढरा फटक पडला की त्यात माहितीच उरत नाही. नंतर काळा केला तर तिथे राखाडी डाग मिळतो, आकाश मिळत नाही. आणि रात्र करडी होण्याची खोडही थोडी आवरते. रात्रीसाठी -२ जास्त योग्य असतं, पण मध्येच स्क्रीनला हात लावला की फोन हलतो. त्यामुळे उरलेला अंधार मी नंतर केला. काळं करणं स्वस्त आहे. उजळवणं महाग, कारण उजळवलं की मुंग्या वर येतात.

हिशेब आणि आईचे कपडे

अंतर मी ५ सेकंद धरलं. सूर्यास्ताच्या ४५ मिनिटं आधीपासून ४५ मिनिटं नंतरपर्यंत, एकूण ९० मिनिटं, म्हणजे १०८० फोटो. सेकंदाला ३० फ्रेमनं ३६ सेकंदांचा व्हिडिओ. ढग वेगात असतील तर ३ सेकंद बरे, नुसतं निरभ्र आकाश असेल तर ८ सुद्धा चालतील. जेपीईजी असतील तर ५ जीबीच्या आसपास जागा पुरते. डीएनजी म्हणजे रॉ घेतलं तर १२ मेगापिक्सेलची एक फाईल २४ एमबीपर्यंत जाते, १०८० फाईल म्हणजे २६ जीबी. रॉ उत्तमच, पण मी जेपीईजीवर भागवलं. फोनमध्ये जागा नव्हती, एवढंच कारण.

फोन एअरप्लेन मोडवर, पॉवर बँक जोडलेली, स्क्रीनचा उजेड तळाला, कव्हर काढलेलं. डिसेंबर असला तरी पाच वाजता गच्चीवरच्या उन्हात फोन तापतो. ट्रायपॉड साधा, ऑनलाइन घेतलेला, त्याला खालून विटांची पिशवी अडकवली.

एवढं सगळं करून तिसरा प्रयत्न फुकट गेला. सव्वासहाला आई दोरीवरचे कपडे काढायला आली आणि चादरीचं टोक ट्रायपॉडला लागलं. फ्रेम दोन अंश फिरली. "मला काय माहीत तू इथे काय मांडून ठेवलंयस," इति आई. बरोबरच होतं. एक्झिफमध्ये चादरीची नोंद नसते. मी उरलेले फोटो फिरवून जुळवायचा प्रयत्न केला, पण जवळचा कठडा आणि लांबचा गड एकाच वेळी जुळेनात.

समोर त्या आठवड्यात पहिला स्लॅब पडला. गडाचा खालचा निम्मा भाग गेला.

दुरुस्ती कशी करायची

चौथा प्रयत्न डिसेंबरातल्या एका शुक्रवारी केला, ऑफिसमधून हाफ डे काढून. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सव्वापाचला सुरू, पावणेसातला बंद. आईला आधीच सांगून ठेवलं. कपडे तिने चारलाच काढले. १०८० फोटो, एकही गाळावा लागला नाही. कावळा या वेळीही येऊन गेला, तीन फ्रेमपुरता.

मग हिशेब. प्रत्येक फोटोचं शटर गुणिले आयएसओ काढायचं. समजा ६११ व्या फ्रेमला १/६० आणि आयएसओ १००, ६१२ व्या फ्रेमला १/६० आणि आयएसओ १२५. म्हणजे फोननं एका फ्रेममध्ये ०.३२ स्टॉपची उडी मारली. खरा प्रकाश किती कमी झाला असेल? तीन मिनिटांत एक स्टॉप, तीन मिनिटांत ३६ फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला ०.०३ स्टॉप. मग ६१२ वी फ्रेम ०.२९ स्टॉपनं जास्त उजळ आलीय. तिला ०.८२ नं गुणलं की झालं.

हे हातानं १०८० वेळा करायचं नाही, अर्थात. मी पायथनमध्ये चाळीस-पन्नास ओळी लिहिल्या: सगळ्या फाईलचं एक्झिफ वाच, स्टॉपमध्ये आलेख काढ, त्या आलेखाची आजूबाजूच्या ६१ फ्रेमची सरासरी घेऊन गुळगुळीत रेषा तयार कर, आणि प्रत्येक फोटो त्या रेषेवर आण. पायऱ्यांचा जिना घासून उतार करायचा, तसं. कावळ्याचा उंचवटाही त्यात आपोआप दबला. नंतर सूर्यास्तानंतरच्या पंधराव्या मिनिटापासून हळूहळू एक स्टॉप आणखी खाली नेला, म्हणजे रात्र रात्रीसारखी झाली.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्यांदा मी जेपीईजीच्या पिक्सेलना थेट ०.८२ नं गुणलं. लुकलुक गेली नाही, तिने नुसतं रूप बदललं. कारण जेपीईजीमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, डोळ्याला सोयीचे व्हावेत म्हणून वक्र करून साठवलेले असतात. आधी ते सरळ करायचे, मग गुणायचं, मग परत वक्र. अर्धा शनिवार यात गेला.

कोडिंग येत नसेल तरी अडत नाही. 'एफएफएमपेग' या फुकट साधनात 'डीफ्लिकर' नावाचा फिल्टर आहे. तो एक्झिफ बघत नाही, फ्रेमचा उजेड मोजून शेजारच्या फ्रेमशी जुळवतो. त्याचं मूळ सेटिंग ५ फ्रेमचं आहे, ते संध्याकाळसाठी फारच कमी पडतं. १२९ पर्यंत वाढवता येतं, ३० ते ६० मध्ये सुरुवात करून बघा. माझ्या मते एक्झिफची दुरुस्ती आधी आणि डीफ्लिकर शेवटचा हात म्हणून, हे सगळ्यात चांगलं. नुसत्या डीफ्लिकरवर बरंच भागतं हेही खरं. आणि लाइटरूम वापरणाऱ्यांसाठी जर्मनीच्या गुंथर वेगनर यांचं 'एलआरटाइमलॅप्स' आहे. दिवस-रात्र टाइमलॅप्सला फोटोग्राफर मंडळी 'होली ग्रेल' म्हणतात, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच नावाची वेगळी सोय आहे. तीही शेवटी एक्झिफमधल्या उड्या वाचूनच काम करते.

मोठा कॅमेरा हाताशी असेल तर

मित्राचा डीएसएलआर किंवा मिररलेस मिळाला तर काम सोपं होतं, कारण त्यात ऑटोला कुंपण घालता येतं. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, ऑटो आयएसओ, कमाल आयएसओ १६०० आणि सर्वात लांब शटरची मर्यादा, ती अर्थात तुमच्या अंतरापेक्षा कमी. ही मर्यादा गाठली की कॅमेऱ्याला आणखी उजळ करताच येत नाही, आणि रात्र आपसूक काळी होते. अनेक निकॉन कॅमेऱ्यांत इंटरव्हलच्या मेनूत 'एक्स्पोजर स्मूदिंग' असतं, ते चालू करा. स्पॉट मीटरिंग नको, एका बिंदूवर ढग आला की सगळं चित्र हलेल. डीएसएलआरच्या पाहायच्या खिडकीतून मागून उजेड शिरतो आणि मीटर फसतं, ती झाका. आणि मोठ्या लेन्सचं अ‍ॅपर्चर प्रत्येक फोटोला बंद होताना केसभर इकडेतिकडे होतं. त्याची नोंद राहत नाही, म्हणून शक्य असेल तर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. इथे फोनवाले सुखी, आपल्याकडे हलणारं अ‍ॅपर्चरच नाही.

छत्तीस सेकंद

व्हिडिओ बाबांना टीव्हीवर लावून दाखवला. ऊन, मग सूर्य गडाच्या बराच उजवीकडे खाली गेला, आकाश नारिंगी, मग गर्द निळं, खिडक्या एकेक करत लागल्या. समोरच्या स्लॅबवरच्या सळया खाली काळ्या रेघांसारख्या, त्यांच्यावर गडाचा माथा. पंचविसाव्या सेकंदाला मनोऱ्यावर लाल ठिपका आला. "लागला बघ," बाबा म्हणाले, आणि परत लावायला सांगितलं. लाईट गेल्याचं या वेळी कुणी विचारलं नाही.

शेवटचे पाच-सहा सेकंद अजून मुंग्या आहेत, मला दिसतात. शेजारच्या तीन फ्रेमची सरासरी घेतली तर त्या कमी होतील, ते करून बघायचंय.

जानेवारीत दुसरा स्लॅब पडला. बाबांनी खुर्ची पूर्वेच्या कठड्याकडे हलवलीय आणि आता चहा सकाळचा होतो. तिकडे समोर मोकळं आहे, म्हणून आता रात्रीकडून दिवसाकडे काढायचा विचार आहे. हे प्रकरण जरा वेगळं आहे. ऑटो एक्स्पोजर नेहमी प्रकाशाच्या एक पाऊल मागे असतं. संध्याकाळी मागे राहिलं तर फ्रेम थोडी काळी येते, ती चालते. पहाटे मागे राहिलं तर फ्रेम जास्त उजळ येते आणि नेमकं सूर्य वर येताना आकाश फटक पडतं. म्हणून तिथे -१ पुरणार नाही, मी -१.७ पासून सुरुवात करणार आहे. फोकसही आदल्या दिवशी उजेडात ठरवून ठेवावा लागेल, अंधारात फोनला काही सापडत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला सुरू करायचं ठरलंय. अलार्म बाबा लावणार आहेत.